लोकरीचा भाव आणि कापडाची नीती



स्मृतिव्याख्यानासाठी उभं राहणाऱ्या माणसावर एक जबाबदारी असते. गेलेल्या माणसाचे गुण गाऊन ती संपत नाही. ज्या लोकांमध्ये तो माणूस वावरला, त्या लोकांच्या कामाचं काही बोलावं लागतं. म्हणून आज मी दूरचा विषय आणलेला नाही. विषय आहे आपल्या अंगावरच्या कापडाचा, आणि त्यातही आपल्याच माळावर चरणाऱ्या मेंढीच्या लोकरीचा.

श्रीगोंदा तालुक्यातल्या आपल्या काष्टीचं नाव महाराष्ट्रभर कशासाठी घेतलं जातं? शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी. या बाजारात मेंढी घेणारं गिऱ्हाईक काय पाहतं? दात पाहतं. पाठीवर, मांडीवर हात दाबून मांस पाहतं. गाभण आहे का, विचारतं. पण तिच्या अंगावरच्या लोकरीचा हिशेब त्या सौद्यात कोणी धरतं का? कोणीच धरत नाही. मांसाला भाव आहे, कोकराला भाव आहे, लेंडीखतालाही भाव आहे. लोकरीला नाही. असं का झालं, आणि हे असंच चालू द्यायचं का, एवढंच आज मला विचारायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कापड नीतीचं आहे की नाही, हे धाग्याच्या जातीवरून कळत नाही. तो धागा ज्यांच्या हातून येतो त्यांना त्याचा भाव मिळतो का, यावरून कळतं. हे म्हणणं मी चार मुद्द्यांत मांडणार आहे.

पहिला मुद्दा. नैसर्गिक धागा म्हटलं की आपण निर्धास्त होतो. सुती आहे, म्हणजे चांगलं. लोकरीचं आहे, म्हणजे शुद्ध. खरंच तसं आहे का? एका सुती शर्टाचा प्रवास शेतापासून पाहू.

शेतात काय होतं? २०१७ साली आपल्याच राज्यात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. तो कापूसही नैसर्गिकच होता. पुढे रंगाईत काय होतं? तमिळनाडूत तिरुपूरच्या होजिअरीच्या रंगाचं पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत गेलं. खालच्या शेतकऱ्यांच्या विहिरी आणि जमिनी नासल्या. शेवटी जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद करायला सांगावं लागलं. तिरुपूर दूर वाटत असेल तर इचलकरंजीला चला. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग बसला आणि त्या गावानं लाखो हातांना काम दिलं. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पंचगंगेच्या प्रदूषणात शहरांच्या सांडपाण्याबरोबर कापड-प्रक्रियेच्या पाण्याचाही वाटा आहे, हे त्या अभिमानापोटी लपवता येणार नाही.

आणि शिलाईत काय होतं? २४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यांत बहुतेक तरुण बायका होत्या. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. तरी सकाळी त्यांना कामावर चढवलं. जगातल्या मोठमोठ्या दुकानांतले कपडे तिथे शिवले जात होते. त्या कपड्यांच्या आत लावलेल्या पट्टीवर 'शंभर टक्के कॉटन' एवढंच लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं. पण त्या पट्टीवर शेत नसतं, नदी नसते, आणि शिवणाऱ्या बाईचं नावही नसतं.

म्हणजे मी पॉलिएस्टरची बाजू घेतो आहे का? अजिबात नाही. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. ते खनिज तेलापासून होतं, मातीत कुजत नाही, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. लोकरीचा वाटा उरला आहे जेमतेम एक टक्का. तेव्हा नैसर्गिक धागा हवाच. पण तो हवा म्हणून त्याला प्रश्न विचारायचेच नाहीत, असं चालणार नाही. प्रश्न चारच आहेत. जमिनीचं काय झालं? पाण्याचं काय झालं? जनावराचं काय झालं? आणि माणसाचं काय झालं?

दुसरा मुद्दा. हे चार प्रश्न आता आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला विचारू.

जमिनीचं उत्तर या सभागृहातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पारनेरच्या ढवळपुरीसारख्या गावांतले धनगर दिवाळीनंतर वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्याआधी माघारी येतात. या मेंढीसाठी कोणी वेगळं शेत नांगरत नाही, तिला पाट सोडत नाही, तिच्यासाठी युरियाचं पोतं फोडत नाही. ती बांधावरचं, पडीकातलं, पीक निघालेल्या रानातलं खाते. उलट शेतकरीच मेंढरं रानात बसवतो, रात्रीच्या हिशेबानं धान्य किंवा पैसे देतो, आणि सकाळी लेंड्या-मुताचं खत मातीत पडलेलं असतं. धागा देताना जमीन सुधारणारं असं दुसरं पीक मला दाखवा!

पाण्याचं उत्तर? दख्खनी लोकर बहुतांशी काळी असते, काही करडी, काही पांढरी. घोंगड्याचा काळा रंग मेंढीच्या अंगावरूनच येतो. रंगाची भट्टी नाही, म्हणून रंगाचं सांडपाणी नाही. ताण्याला खळ लावायची ती चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, दळायचे, शिजवायचे, आणि ती खळ कुंच्यानं ताण्यावर चढवून उन्हात वाळवायची. घोंगडं विणून झालं की उरलेली खळ पाण्यात गेली तरी त्या पाण्यावर झाड जगतं.

जनावराचं उत्तर? ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीच्या कातडीला वळ्या असतात. त्यांत माश्या अंडी घालतात. ते टाळायला कोकराच्या मागच्या भागाची कातडीच कापून काढण्याची रीत तिथे पडली. तिला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडनं २०१८ साली तिच्यावर बंदी आणली. आपल्या मेंढीला हे कधी सोसावं लागलं नाही. तिच्या अंगाला तशा वळ्या नाहीत, आणि लोकर मोकळी, आखूड. वर्षातून साधारण दोनदा ती ओढ्यात धुवायची आणि हातातल्या कातरीनं भादरायची. कातर लागते, जखमाही होतात, हे मान्य केलं पाहिजे. ही मेंढी शेवटी मांसासाठी विकली जाते, हेही मान्य केलं पाहिजे. पण हयातभर ती मोकळ्या रानात, कळपात, ओळखीच्या माणसाच्या हाकेवर जगते. जगातल्या किती कारखानी जनावरांना एवढं मिळतं?

राहिला माणूस. इथे मात्र मला सावध बोलायचं आहे. घोंगड्याच्या गोष्टीत आपण एकदम भाविक होतो. खंडोबा आठवतो, बिरोबा आठवतो, विठ्ठलाच्या खांद्यावरची घोंगडी आठवते. ती भक्ती खरी आहे. पण ज्या हातांनी ते घोंगडं झालं त्या हातांना त्या काळातही काय मिळत होतं? पिंजलेल्या लोकरीचं सूत घरातली म्हातारी, लेक, सून कातत असे. वाड्यावर भाकऱ्या थापून, कोकरं सांभाळून, उरलेल्या वेळात तिची चाती फिरायची. अडीच-तीन किलोच्या एका घोंगड्याला पाच-सहा मेंढ्यांची वर्षाची लोकर लागते, आणि तेवढ्या सुतासाठी कित्येक दिवसांचं कातणं. त्या कातण्याची मजुरी कोणत्या वहीत लिहिली गेली? कुठल्याच नाही. सणगर, म्हणजे घोंगड्यांचा विणकर, खड्ड्यात पाय सोडून, मागावर कंबर वाकवून विणायचा. त्याला मिळायचं ते नगामागे, आणि तेही व्यापारी ठरवेल तेवढं. जुनं आहे म्हणून ते न्यायाचं होतं, असं मी म्हणणार नाही. मातीचा न्याय त्यात होता. पाण्याचा होता. बाईच्या श्रमाचा न्याय मात्र तेव्हाही नव्हता, आणि आज नव्यानं उभं करायचं तर तो पहिला जोडावा लागेल.

तिसरा मुद्दा भावाचा. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. मेंढीमागे वर्षाला अर्धा किलो लोकर धरली तरी आपल्या राज्यात साडेतेरा लाख किलो लोकर होते. ती जाते कुठे? अनेक ठिकाणी मेंढपाळ ती रानातच टाकून देतो. कारण सरळ आहे. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावाहून जास्त झाली. मेंढीला उकाडा होतो, गोचीड-पिसवा होतात, म्हणून कातरावं तर लागतंच. म्हणजे लोकर उत्पन्नाच्या बाजूनं खर्चाच्या बाजूला गेली. आणि दुसरीकडे आपला देश ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून लोकर आयात करतो!

हे एका दिवसात झालं नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरणाची नजर मऊ लोकरीवर होती. परदेशी मेरिनो आणि रॅम्बुये जातींशी संकर करून लोकर तलम करायचे प्रयत्न झाले. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. त्या मोजपट्टीवर आपली मेंढी नापास ठरली. पण मोजपट्टी कोणाची होती? मेरिनोची लोकर कोटासाठी, स्वेटरसाठी. दख्खनीची पावसात भिजणाऱ्या गुराख्यासाठी, काट्याकुट्यात अंथरून झोपणाऱ्या वाटसरूसाठी. जाड तंतूमुळेच घोंगडं टिकतं. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही. ठिणगी पडली तर भडकत नाही, विझते. हे गुण मोजायला कोणी बसलंच नाही.

मग ॲक्रिलिकची ब्लँकेटं आली. हलकी, रंगीत, स्वस्त. यात्रेत घोंगडं म्हणून काळं मिश्र ब्लँकेट विकलं जाऊ लागलं. इथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो, घरी करून पाहा. कडेचा एक धागा ओढा आणि जाळा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुरभुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झालं की कडक मणी होतो.

आणि सगळ्यात खोल परिणाम मेंढीवर झाला. लोकरीला भाव नाही, मांसाला आहे, मग मेंढपाळ काय करणार? तो जत भागातल्या माडग्याळ मेंढीकडे वळतो. उंच, झपाट्यानं वाढणारी, लोकर फारच थोडी. त्याला दोष देऊ नका. त्याचं पोट त्या हिशेबावर आहे. पण डिसेंबर २०२१मधली अवकाळी पावसाची ती रात्र आठवा. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गारठ्यानं आणि पावसानं शेकडो मेंढ्या मेल्या. रानात उघड्यावर राहणाऱ्या जनावराला लोकर हे स्वतःचं पांघरूण आहे. वारं, पाऊस, दुष्काळ आणि मैलोन्‌मैल चाल सोसणारी दख्खनी जात या मातीत शेकडो वर्षांत घडली. लोकरीचा भाव मेला की ती लोकर वाहणारी जातही हळूहळू जाते. नीतीचा प्रश्न इथे येऊन भिडतो. जे चांगलं आहे त्याला भाव न देणं हाही अन्यायच आहे. तो हळू चालतो, म्हणून दिसत नाही.

चौथा आणि शेवटचा मुद्दा. मग करायचं काय?

आधी बाहेर पाहू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला वाऱ्यापावसाची बेटं आहेत. तिथलं जाड लोकरी कापड म्हणजे हॅरिस ट्वीड. त्यासाठी ब्रिटिश संसदेनं १९९३ साली स्वतंत्र कायदाच केला. सूत त्या बेटांवरच रंगवलेलं आणि कातलेलं हवं, कापड बेटावरच्या माणसानं स्वतःच्या घरी हातानं विणलेलं हवं, आणि शेवटचे संस्कारही तिथेच झालेले हवेत. तरच ते हॅरिस ट्वीड. कायद्यानं राखली ती जागा आणि विणणाऱ्याचं घर. कापड जाडंभरडं असूनही जगभर मान मिळाला.

आता आपल्या घरात पाहू. ३१ मे १७२५ रोजी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, एका धनगर घरात अहिल्यादेवी जन्मल्या. त्यांनी नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केली आणि विणकरांना बोलावून, आश्रय देऊन तिथे वसवलं. महेश्वरीचं नाव आज देशभर आहे. पुढे तो धंदा खंगला. तेव्हा १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे रेहवा सोसायटी उभी राहिली. तिनं बायकांना मागावर बसवलं, आणि मजुरीबरोबर घर, शाळा, दवाखाना यांचाही विचार केला. आपण जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव दिलं, त्रिशताब्दी साजरी केली. चांगलं केलं. पण त्यांनी विणकराला गावात बोलावून घर दिलं होतं. आपण आपल्या मेंढपाळाला आणि सणगराला काय दिलं?

पायाच नाही, असं म्हणू नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर संशोधन झालं आहे. पुण्यात अहिल्यादेवींच्या नावाचं मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. २०१७पासून महामेष योजनेतून मेंढ्या घ्यायला अनुदान आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीत घोंगड्याचे माग आहेत. शेजारच्या कर्नाटकात चळ्ळकेरे हे कांबळीसाठी नावाजलेलं गाव आहे. लोकरीनंच बनवलेल्या 'देसी ऊन' या भारतीय ॲनिमेशनपटाला २०२५ साली फ्रान्समधल्या ॲनसी महोत्सवात पुरस्कार मिळाला. जगाला या लोकरीची गोष्ट ऐकायची आहे. तुटलेला दुवा आहे तो मेंढीची पाठ आणि माग यांच्यामधला. तो सांधण्याची जागा बाजार. आणि बाजार म्हटल्यावर काष्टीपेक्षा चांगली जागा कोणती?

म्हणून चार सूचना करतो.

पहिली. कातरणीच्या हंगामात बाजाराच्या आवारात लोकरीसाठी एक काटा आणि एक छप्पर असू द्या. काळी, करडी, पांढरी आणि कोकराच्या पहिल्या कातरणीचं मऊ जावळ अशी प्रतवारी व्हावी. धुतलेल्या लोकरीला वेगळा भाव लागावा. कातरणीची मजुरी वजा जाऊन हातात काही उरेल, इतका तरी तळाचा भाव बाजार समितीनं आणि खरेदीदारांनी मिळून ठरवावा. प्रतवारी नसली की चांगला माल वाईटाच्या भावानं जातो, हे कांदा पिकवणाऱ्या तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

दुसरी. कातणाऱ्या बाईची मजुरी आधी लिहा. महिला बचत गटांनी हे काम घेतलं तर सुताच्या वजनावर आणि बारकाईवर दर ठरवा, आणि घोंगड्याच्या किमतीत तिचा वाटा किती, ते छापून लावा. पिंजायला यंत्र जरूर आणा. त्यातली धूळ आणि कष्ट कोणाच्या छातीवर लादणं ही परंपरेची सेवा नव्हे.

तिसरी. विकण्याजोगी नसलेली भरड लोकरही टाकू नका. गाद्या-उश्यांत, नमद्यात, छपराखाली उष्णता अडवायला ती चालते. आणि यातलं काहीच जमलं नाही तर डाळिंबाच्या, लिंबाच्या आळ्यात अंथरा. ओल धरते, तण दाबते, आणि कुजताना हळूहळू नत्र सोडते. लिंबाच्या बागा या तालुक्यात थोड्या नाहीत.

चौथी सूचना प्रमाणपत्राची. २०१६पासून जगात 'रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड' नावाचं मानक आहे. हेतू चांगला आहे. पण त्याची तपासणी मुख्यतः कुंपणातल्या शेताची असते. ज्याचं घर घोड्याच्या पाठीवर आहे, तो तपासनिसाला पत्ता कोणता देणार? सेंद्रिय शेतीत आपल्याकडे सहभागी हमीची पद्धत आहे. शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि एकमेकांची हमी देतो. तीच पद्धत वाड्यांना लावता येईल. कळप कुठे चरला, कातरणी कशी झाली, लोकरीला काय भाव मिळाला, एवढं गटानं लिहावं. गावानं सही करावी.

बंधू-भगिनींनो, थोडक्यात सांगतो. धागा नैसर्गिक आहे एवढ्यानं कापड निर्मळ होत नाही, हे यवतमाळनं, तिरुपूरनं आणि ढाक्यानं शिकवलं. आपल्या लोकरीपाशी जमीन, पाणी आणि जनावर या तिन्ही प्रश्नांची बरी उत्तरं आहेत. चौथ्या प्रश्नाचं, माणसाचं, उत्तर आपण द्यायचं आहे. आणि ते उत्तर भावात द्यायचं आहे, गौरवात नाही. मेंढपाळाला फेटा बांधून त्याचं पोट भरत नाही, आणि सणगराचा सत्कार करून त्याचा मुलगा मागावर बसत नाही. त्याला पुढच्या वर्षीचं काम आणि ठरलेला दर दिसला पाहिजे.

घोंगडं महाग आहे, असं कोणी म्हणेल. हो, महाग आहे. त्यात पाच-सहा मेंढ्यांचं वर्ष आहे, एका बाईचे कित्येक दिवस आहेत, आणि विणकराची कंबर आहे. आजवर ते स्वस्त मिळालं, कारण यातल्या कोणाला तरी आपण पैसे दिले नव्हते. उरलेली किंमत आता द्यायची आहे. पुढची कातरणी व्हायच्या आत काष्टीच्या बाजारात लोकरीचा काटा लागावा, एवढी मागणी या सभागृहानं उद्याच लेखी करावी. पहिली सही करायला मी तयार आहे.